बंद फाटकापलीकडचं लग्न

आमच्याकडे रेल्वेखाली माणूस गेला की तासाभरात चहाच्या टपरीवर त्याची गोष्ट तयार होते. अपघात कशानं झाला याची नाही, तो किती विचित्र वेळी झाला याची. नोकरीचा कागद खिशात होता. पेढ्यांचा पुडा हातात होता. आदल्या दिवशीच पोरीचं बारसं झालं होतं. सांगणारा मान हलवतो, ऐकणारा 'च्' करतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरातल्या बातमीत 'दैवदुर्विलास' हा शब्द असतो. मी ती कात्रणं कापून फायलीत ठेवते. माणसं वेगवेगळी, जागा एकच, आणि दर वेळी दोषी दैव. दैवाला निवेदन देता येत नाही, त्याच्या दारात धरणं धरता येत नाही, म्हणून ते सगळ्यांच्या सोयीचं असतं.

गावाचं नाव लिहीत नाही. अकोल्याहून अमरावतीकडे निघालात की मधे लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं की खुलासा मागणारं पत्र येतं, आणि खुलासे लिहून माझा हात दुखला आहे. गावाच्या मधोमध रेल्वेची लाइन. आमची वस्ती अलीकडे. शाळा, बाजार, सरकारी दवाखाना पलीकडे. पूर्वी मधे फाटक होतं आणि त्या फाटकावर माझे बाबा गेटमन होते. मग ट्रक-एसट्यांसाठी लांबवर मोठा पूल झाला. पूल झाला म्हणून फाटक बंद झालं आणि दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे गाडले. त्या दांड्यांमधून म्हैस जात नाही. माणूस जातो. रूळ ओलांडून गेलं तर दोनशे पावलं, पुलावरून फिरून गेलं तर अडीच किलोमीटर. दोन्ही अंतरं मी स्वतः मोजलेली आहेत. पावलं मोजली त्या दिवशी बाबांनी मला दिलेल्या शिव्या मात्र मोजल्या नाहीत.

बाबा रिटायर झाले, पण त्यांच्या अंगातलं फाटक काही गेलं नाही. गाडीचा आवाज आला की ते भरल्या ताटावरून उठतात, ओट्यावर जातात आणि इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत चाकं पाहतात. कुठं धूर निघून राहिला का, काही लोंबतंय का. नोकरीत तेच काम होतं. शेवटी गार्डला हात करतात आणि मग येऊन उरलेली भाकर खातात. आमच्या घरात कितीही महत्त्वाचं बोलणं चालू असलं तरी गाडी जाईपर्यंत थांबतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं जेवतात. अमरावतीला कॉलेजात गेले तेव्हा मेसमध्ये लांबून शिट्टी ऐकून मी एकटीच ताटावरून उठले होते. पुढं तीन वर्षं पोरी मला 'सिग्नल' म्हणायच्या.

गावाचा वेळापत्रकावर विश्वास नव्हता, बाबांवर होता. रुळाकडे निघालेला माणूस ओट्यासमोर थांबून विचारायचा, "गाडी हाय का?" बाबा घड्याळ न पाहता सांगायचे, पंधरा मिनिटं हायेत, जा. किंवा, थांब, येऊन राह्यली. फाटक बंद झाल्यावर तर हे जास्तच वाढलं. पगार बंद, काम चालू.

शेजारचे काका बाबांचे जिवलग. दोघांची दोस्ती शिव्यांवर उभी होती. एक दिवस शिवी नाही दिली तर दुसरा विचारायचा, तब्येत बरी आहे ना. काकांच्या पोरीचं लग्न पलीकडच्याच एका घरात ठरलं. पोरगी सरकारी दवाखान्यात नर्स, पोरगा सेमाडोहला जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवणारा. काका पत्रिका वाटायला निघाले. ओट्यासमोर थांबून त्यांनी विचारलं, गाडी हाय का. बाबा म्हणाले, पॅसेंजर गेली, आता तासभर काही नाही.

मालगाडीला वेळापत्रक नसतं. यापुढचं मी लिहिणार नाही.

टपरीला मात्र त्या दिवशी एक नाही, दोन गोष्टी मिळाल्या. लेकीच्या पत्रिका वाटायला निघालेला बाप गेला, ही एक. आणि ज्यानं उभा जन्म फाटक सांभाळलं त्याच्याच दोस्ताला त्याच फाटकावर मरण आलं, ही दुसरी. लोक हे सांगताना हळहळत होते हे खरं, पण त्यांच्या आवाजात एक चव होती. मी टपरीवर जाऊन विचारलं की तुम्हाला यात एवढं काय गोड लागतं. टपरीवाला म्हणाला, "काय करता ताई, नशिबाचा खेळ हाये." मी म्हटलं, खेळ नशिबाचा नाही. इथं माणसांसाठी पूल नाही, एवढंच आहे. त्यानं माझ्यासमोर चहा ठेवला. आमच्याकडे भांडण मिटवायची हीच पद्धत आहे, त्यामुळं कुठलंच भांडण शेवटाला जात नाही.

बाबांनी काकांना काय सांगितलं होतं ते फक्त आई आणि मला माहीत होतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं. त्या दिवसापासून बाबांनी कोणालाच गाडीची वेळ सांगितली नाही. लोक विचारायचे. बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे. गाड्यांची चाकं मात्र पाहत राहिले.

लग्न लांबणीवर पडलं. दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी एवढी पत्रकं काढली की अकोल्याच्या जुन्या शहरातला प्रेसवाला मला घरची समजायला लागला. पिवळा कागद, लाल अक्षरं, वर तीनदा 'चला', खाली 'एकजुटीचा विजय असो'. 'दैवदुर्विलास नव्हे, दिरंगाई!' हे माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक. माणसांचा पूल होईस्तोवर निदान शाळेच्या वेळी सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास रुळाजवळ एक शिपाई उभा करा, असाही अर्ज केला होता. उत्तर आलं, मनुष्यबळ उपलब्ध नाही. ते उत्तर मी लॅमिनेट करून घेतलं. लोक लग्नाचे फोटो करून घेतात, मी हे केलं.

यंदा मे महिन्यात अखेर लग्न ठरलं. दोन वर्षं थांबलेल्या नवरदेवानं हुंडा मागणं सोडा, साधी घाईसुद्धा केली नव्हती. अट घातली ती नवरीनं. माझ्या लग्नाला अलीकडून किंवा पलीकडून एकही माणूस रूळ ओलांडून येणार नाही, जाणार नाही. एक जरी दिसला तरी मी मांडवातून उठून घरी जाईन. हे तिनं दोन्हीकडच्या बैठकीत, पोह्यांच्या ताटल्या फिरत असताना, हळू आवाजात सांगितलं. ती नर्स आहे. सुई टोचतानाही तिचा आवाज तेवढाच असतो.

 मग नवरदेवाच्या बापानं बाजू मांडली, आणि खरं सांगायचं तर ती बाजू माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा दमदार होती. समाजमंदिर अलीकडे. त्याच्या गच्चीवरून समाजमंदिराचं निळं तोरण दिसतं. आचाऱ्यानं फोडणी दिली तर वास घरात येतो. आणि शंभर-सव्वाशे माणसांनी मे महिन्याच्या उन्हात, म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट, अडीच किलोमीटर फिरून यायचं? त्याचं म्हणणं, आपण चांगलं पाहून-सवरून ओलांडू.

"सगळे पाहूनच ओलांडतात, बाबूजी," नवरी म्हणाली.

यावर नवरदेव पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "आमच्याकडे जनावरायसाठी रस्त्याखालून वाट काढून देतात. वाघाले पूल भेटते. आपण वाघ झालो असतो तं आतालोक काम झालं असतं." सगळे हसले आणि त्या हसण्यात अट मंजूर झाली. मी बैठकीत ठरवलं की हा जावई चांगला आहे.

अट लोकांपर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पत्रिका छापून झाल्या होत्या, तेव्हा पत्रिकेसोबत द्यायला एक चिठ्ठी काढायची ठरलं. मी ती एका बैठकीत लिहिली, प्रेसवाल्याकडे दिली आणि पुन्हा वाचून पाहिली नाही. सवयीचा माणूस स्वतःचं लिखाण वाचत नाही. प्रेसवाल्यानंही सवयीनं पिवळा कागद घेतला आणि लाल शाई घेतली. हाती आलं ते असं:

'चला! चला! चला! सकाळी ठीक नऊ वाजता मोठ्या पुलावर हजारोंच्या संख्येने जमा. रुळांकडे कोणीही फिरकू नये. कोणाच्याही भूलथापांना बळी पडू नका. काकांचे बलिदान वाया जाऊ देणार नाही. एकजुटीचा विजय असो.'

लग्न हा शब्द त्यात कुठंच नव्हता. पत्रिकेसोबत जायचं म्हणून मी तो लिहिलाच नव्हता. पण काही चिठ्ठ्या पत्रिकेवाचून गेल्या, आणि एक तर मी स्वतःच, हाताला वळण पडलंय म्हणून, स्टेशनबाहेरच्या भिंतीला चिकटवून आले.

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेआठला मी समाजमंदिराच्या दारात रांगोळी पुसू नये म्हणून लोकांना हाकलत होते, तेव्हा दोन जीपगाड्या आल्या. खाकीतली माणसं उतरली. दहा तरी असतील. निम्मी आमच्या बाजूच्या लोखंडी दांड्यांजवळ उभी राहिली, निम्मी गाडी वळवून पलीकडच्या बाजूला गेली. हातात काठ्या, डोक्यावर हेल्मेटं. त्यांच्यातल्या साहेबानं मला ओळखलं. धरण्यांमध्ये आमची भेट झालेली होती.

त्यांना वाटलं होतं, रेल रोको आहे. मी म्हटलं साहेब, लग्न आहे. ते म्हणाले, "असं सगळेच म्हणतात, ताई." मी म्हटलं चिठ्ठीत स्वच्छ लिहिलंय की रुळाकडे फिरकू नका. ते म्हणाले की त्यांची नोकरी या कामात गेली आहे आणि आंदोलनवाले नेहमी उलटं लिहितात. मी त्यांना समाजमंदिरात नेऊन निळा पडदा दाखवला, पांढऱ्या साडीतली नवरी दाखवली, वांग्याच्या भाजीचं पातेलं दाखवलं. पातेल्याजवळ त्यांचा चेहरा जरा सैल झाला. पण वरून हुकूम होता. दुपारपर्यंत एकही माणूस रुळावर उतरता कामा नये.

मी नवरीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मग ती तोंडावर पदर धरून जी हसायला लागली ती थांबेना. आम्ही आठ दिवस डोकं फोडत होतो की दोन्ही बाजूंना पहाऱ्याला कोणाला बसवायचं. कोणाचा मामा ऐकणार, कोणाचा मावसा ऐकणार नाही. आता हेल्मेट घालून दहा माणसं उभी होती आणि कोणाचा मामाही रुळाजवळ जायची छाती करणार नव्हता.

मी फायल आणायला घरी निघाले. ते लॅमिनेट केलेलं उत्तर मला साहेबांना त्याच क्षणी दाखवायचं होतं. नवरीनं माझा दंड धरला. म्हणाली, आज नाही, उद्या भांड. तिनं सांगितलं म्हणून थांबले. हे माझ्या सार्वजनिक आयुष्यातलं सर्वात अवघड काम होतं.

पलीकडची वरात नऊला निघाली. बाळापूरचा बँड होता, आणि बँडवाल्यांनी दोनशे पावलांचा विचार करून मोजकीच गाणी बसवली होती. ती अर्ध्या किलोमीटरमध्ये संपली. मग त्यांनी तीच परत घेतली, मग उलट्या क्रमानं घेतली. मोठ्या पुलाच्या चढावर आमच्या बाजूच्या बायांनी मठ्ठ्याचे ड्रम मांडले होते आणि येणाऱ्याच्या डोक्यावर ओला दुपट्टा टाकत होत्या. ज्या लोकांनी बैठकीत उन्हाच्या नावानं बोटं मोडली होती तेच पुलाच्या मधोमध, सगळ्यात उंच जागी, जिथं दोन्हीकडची शेतं आणि खालून जाणारी लाइन दिसते, तिथं नाचायला लागले. ट्रकवाले थांबले. एकानं हॉर्नवर ताल धरला. नवरदेवाचा बाप, ज्यानं वासाचा आणि तोरणाचा मुद्दा काढला होता, तो जोडे हातात घेऊन नाचत होता, कारण डांबर पायाला चिकटत होतं आणि जोड्यांना जास्त. मी तिथं मठ्ठा वाटत होते. कोणीतरी माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि मला मधे ओढलं. मी घोषणा देऊ शकते, नाचू शकत नाही. तरी नाचले.

सव्वाअकराला वरात समाजमंदिरात पोचली. लोक घामानं निथळत होते आणि सगळ्यांचे चेहरे असे होते की जणू प्रत्येकानं स्वतःच काही जिंकलंय. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत, पण पत्रिकेवर साडेअकरा छापलं होतं आणि छापलेलं पाळायची आपल्याला खोड असते. वंदना झाली. पंचशील झालं. विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी सांगितलं, वधूवरांनी एकमेकांना हार घालावेत.

हार नव्हते.

हार पलीकडच्या घरी होते. नवरदेवाच्या बहिणीनं ते कूलरमध्ये ठेवले होते. मे महिन्यात आमच्याकडे हार ताजे ठेवायची हीच रीत. कूलरच्या आत, वाळ्याच्या जाळीपाठी, पाण्याच्या वरच्या पट्टीवर, आणि कूलर चालू. ओल्या वाऱ्यात पाकळीही सुकत नाही. वरात निघाली, घराला कुलूप लागलं, कूलर आत फिरत राहिला, आणि अडीच किलोमीटर नाचताना कोणाला आठवलं नाही. ती पोरगी रडवेली झाली.

मग सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. खिडकीतून दांडे दिसत होते, रूळ दिसत होते, पलीकडचं घर दिसत होतं. दोनशे पावलं. फुलं बाजारातून आणायची तरी बाजार पलीकडेच. आणि माना खिडकीकडून वळल्या त्या बाबांकडे. कोणीतरी मागून विचारलंच, "गाडी हाय का?"

बाबा पहिल्या रांगेत बसले होते. काकांच्या जागी त्यांनाच बसवलं होतं.  ते उठले. आपल्या जुन्या पिशवीतून गुंडाळलेली हिरवी झेंडी काढली. ही झेंडी त्यांनी लग्नाला कशासाठी आणली होती ते त्यांचं त्यांना ठाऊक. धोतराचा सोगा खोचला आणि दाराकडे चालायला लागले. खाकीतल्या माणसांनी त्यांना अडवलं असतं का? मला नाही वाटत. त्यांच्या चालण्यात अजून नोकरी होती. आणि गावातल्या कोणालाही, मलासुद्धा, त्या क्षणी वाटलं की बाबा गेले तर काय बिघडलं. त्यांच्याइतकी ही लाइन कोणाला कळते?

नवरी उभी राहिली.  ती उठून घरी जाणार असं वाटलं. पण ती बाबांजवळ गेली. जसे तिचे बाबा माझे काका, तसे माझे बाबा तिचे काका.

"काका, बसा," ती म्हणाली. "तुमी बाबाले त्या दिवशी काय सांगतलं होतं ते मले तवापासून मालूम हाये. माह्या आईनं आपल्या ओट्यावरून आयकलं होतं. मी तुमच्यावर राग नाही धरला. एक दिवस नाही धरला. पण आज तुमी बसा."

बाबा जागेवर उभे राहिले. झेंडी हातात.  दोन वर्षं आम्ही घरात जी गोष्ट झाकून ठेवली होती, ती शेजारच्या भिंतीपलीकडं पहिल्यापासून माहीत होती, आणि तरी रोज वाटीभर भाजी आमच्याकडं येत होती. बाबांनी मान हलवली. परत येऊन बसले. नवरीनं त्यांच्या हातातली झेंडी घेतली, नीट गुंडाळली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली, जशी पेशंटच्या उशाशी औषधाची चिठ्ठी ठेवतात तशी. बाबा रडले. पण तुम्ही समजता तसं नाही. नाक शिंकरून, शेजारच्याला शिवी देऊन रडले. म्हणजे तब्येत बरी होती.

हार आणले ते साहेबांच्या हवालदारानं. नवरदेवाची बहीण किल्ली घेऊन मागे बसली आणि मोटरसायकल मोठ्या पुलावरून गेली, पुलावरूनच आली. दारातून आत येताना हवालदाराच्या एका हातात हेल्मेट होतं आणि दुसऱ्या हातात दोन ओले, थंडगार हार, आणि तो इतका लाजला होता की लोकांना वाटलं लग्न त्याचंच आहे. बाया ओरडल्या, "आता नवरदेव कोनता म्हनावा बाप्पा?" पावणेबाराला हार पडले. थंड पाणी नवरीच्या मानेवरून ओघळलं आणि ती शहारली. भर मे महिन्यात एवढं सुख कोणाच्या हाराला मिळत नाही.

आणि मग गाडीचा आवाज आला. मालगाडी, कोळशाची, वेळापत्रकात नसलेली. बाबा उठले. त्यांच्यामागे आई उठली, मी उठले. मग काय झालं कोण जाणे, आख्खं समाजमंदिर उठलं, जेवायला बसलेली पहिली पंगतसुद्धा, हातात पुरी धरून. बाबांनी दारात उभं राहून हिरवी झेंडी धरली आणि शेवटच्या डब्यापर्यंत चाकं पाहिली. शेवटच्या डब्यातला गार्ड एवढी माणसं आपल्यासाठी उभी पाहून आधी घाबरला, मग त्यानं दोन्ही हातांनी झेंडी हलवली.

आता इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर टपरी ती आपल्या पद्धतीनं सांगेल. बाबा हार आणायला गेले असते तरी त्यांना काही झालं नसतं. ते उठले आणि मालगाडी आली यात वीस मिनिटं गेली होती. मी घड्याळ पाहिलं होतं. ते जाऊन, कुलूप उघडून, परत येऊन बसले असते. नवरीनं त्यांचा जीव वाचवला, असं काही नाही. तिनं त्यांना फक्त बसवलं. टपरीवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो नाराज झाला. म्हणाला, यात मजा नाही ताई, पाच मिनिटांचा फरक सांगा. मी म्हटलं वीस म्हणजे वीस. म्हणून ही गोष्ट टपरीवर चालली नाही आणि पेपरातही आली नाही. कोणी मेलं नाही, दैवानं काही केलं नाही. बातमी कशाची करणार?

साहेब आणि त्यांची माणसं जेवूनच गेली. बुंदी दोनदा घेतली. निघताना साहेब मला म्हणाले, पाहा ताई, कसा योगायोग, तुम्हाला एक माणूस पाहिजे होता, दहा आले. मी नवरीला दिलेला शब्द तेवढ्यापुरता मोडला. म्हटलं साहेब, हा योगायोग नाही. माणसं होती, हे आज कळलं. माणसं होती आणि पाठवली नव्हती. साहेब जीपमध्ये जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी हेच अर्जात लिहिलं, साध्या पांढऱ्या कागदावर, एकदाही 'चला' न म्हणता, आणि सोबत ते जुनं उत्तर जोडलं. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा एक होमगार्ड रुळाजवळ उभा होता, सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. माणसांचा पूल अजून नाही. मी आहे.

नवरीची पाठवणीही पुलावरूनच झाली. दोनशे पावलांवरच्या सासरी तिला अडीच किलोमीटर वाजत नेलं. आता तिचं सासर आमच्या ओट्यावरून दिसतं. रोज सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला येते, आणि नवरदेव सुट्टीवर आला की बालदी तो धरतो. ड्यूटीवर जायच्या आधी ती कठड्याशी येऊन तिच्या आईला काहीतरी ओरडून सांगते, आणि अर्धं वाऱ्यावर जातं.

एका सकाळी पॅसेंजर गेली. बाबा ओट्यावर उभे होते. शेवटचा डबा सरकला आणि पलीकडे ती कठड्याला रेलून उभी होती. तिनं हातांचा भोंगा केला आणि मुद्दाम, हसत, विचारलं, "काका, गाडी हाय का?"

दोन वर्षांत बाबांनी या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. मी चहाचा कप हातात धरून थांबले. बाबांनी लाइनीकडं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. दोन्हीकडं रूळ पार रिकामे होते.

"हाय," ते ओरडले. "तू पुलावरून ये."